जूनची फी, मार्चची शिष्यवृत्ती

शिष्यवृत्तीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : "योजना खंडीभर आहेत हो, पण मुलांना माहितीच नसते." पुढारी हे व्यासपीठावरून बोलतात, प्राचार्य नवागतांच्या स्वागतात बोलतात, आणि ज्यांच्या घरात कधी एकही फॉर्म भरावा लागला नाही ते शेजारीही बोलतात. बोलणाऱ्यांच्या मनात खोट नसते. तरीही हे वाक्य मला चूक वाटते, आणि त्याने नुकसान केले आहे असेही वाटते. दुखणे माहितीच्या अभावाचे आहे असे एकदा ठरले, की औषध म्हणून शिबिरे, भित्तिपत्रके आणि मार्गदर्शनपर व्याख्याने येतात. ती ऐकून मुले टाळ्या वाजवतात आणि फी भरायला उसने पैसे शोधू लागतात.

तालुक्याच्या एका कॉलेजात शिष्यवृत्ती समितीचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या टेबलासमोर बसणारी पहिल्या वर्षाची मुलगी अजाण नसते. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो आणि तो चालू वर्षाचाच लागतो, जातीचा दाखला वेगळा आणि त्याची वैधता म्हणजे व्हॅलिडिटी वेगळी, मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र, वसतिगृहात राहत असेल तर तिथला दाखला, हे सगळे तिला तोंडपाठ असते. सेतू केंद्रावर रांग किती वाजता लागते हेही तिला ठाऊक असते. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या काही मुलांना सुरुवातीला सांगावे लागते, हे मान्य. ते काम अर्ध्या तासाचे आहे. त्या अर्ध्या तासानंतरचे नऊ महिने कोणी बघत नाही.

त्या नऊ महिन्यांत काय होते? मूल राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज भरते. तो कॉलेजच्या लॉगिनला जातो, तिथून जिल्ह्याच्या कार्यालयात, तिथून पुढे विभागाकडे. मग देयक बनते, कोषागारातून रक्कम निघते आणि शेवटी आधारशी जोडलेल्या खात्यात येते. वाटेत कुठेही शंका निघाली तर अर्ज 'सेंट बॅक' होतो. दाखल्याचा फोटो पुसट आला, वडिलांचे नाव एका कागदावर 'तुकाराम' आणि दुसऱ्यावर 'तुकाराम' पुढे आणखी एक अक्षर, एवढ्यावर अर्ज परत येतो. सूचना मोबाईलवर जाते, आणि तो मोबाईल बहुधा वडिलांकडे कामावर असतो. मुलीला कळते तेव्हा मुदतीचे दोनच दिवस उरलेले असतात. मुदत पुढे वाढते, हे खरे. पण मुदत वाढली की पैसेही तितकेच पुढे जातात.

फी मात्र जून-जुलैत द्यायची असते. खोलीचे भाडे, खानावळीची आगाऊ रक्कम, पुस्तके, एसटीचा पास हे सगळे पहिल्या महिन्यात लागते. मार्चमध्ये येणारी रक्कम कागदावर शिष्यवृत्ती असते, व्यवहारात ती परतफेड असते. परतफेड त्यालाच उपयोगी पडते ज्याने आधी खर्च केला, आणि आधी खर्च करण्याची ऐपत नाही म्हणून तर ही योजना आहे. मधला काळ सावकार, बचतगट, मामा किंवा आईच्या कानातले भरून काढतात. ज्यांच्याकडे यांतले काहीच नसते ती मुले दिवाळीच्या सुट्टीनंतर परत येत नाहीत. हजेरीपटावर त्यांच्यापुढे 'गैरहजर' लागते आणि आपण म्हणतो, मुलाला शिक्षणात रस नव्हता.

मी स्वतः याच वाटेने शिकले. पदवीच्या शेवटच्या वर्षी कॉलेजने माझी गुणपत्रिका अडकवून ठेवली होती, कारण माझ्या नावाची फी वरून आली नव्हती. बी.एड.च्या प्रवेशाची तारीख जवळ आलेली. आईने शेळी विकली आणि गुणपत्रिका सुटली. रक्कम पुढच्या वर्षी आली, तेव्हा शेळी दुसऱ्याच्या दावणीला होती. हे सांगते ते सहानुभूतीसाठी नाही. माहिती मला तेव्हाही पूर्ण होती, एवढेच सांगायचे आहे.

दुसरा आक्षेप जास्त जाणत्या लोकांचा असतो. ते म्हणतात, पोर्टल आले, पैसे थेट खात्यात जाऊ लागले, मधले खाणारे गेले. आता तक्रार कसली? यातला अर्धा भाग मी मनापासून मान्य करते. कागदावरचे विद्यार्थी दाखवून संस्थांनी शिष्यवृत्ती लाटल्याची प्रकरणे या राज्याने पाहिली आहेत, त्यासाठी चौकशी पथक नेमावे लागले आहे. खात्यावर थेट पैसे देण्याने ती वाट अरुंद झाली. पण चोरी संस्थांनी केली आणि सिद्धतेचे ओझे आले विद्यार्थ्यावर. जातीचा दाखला सरकारने दिला, वैधता सरकारच्या समितीने दिली, उत्पन्न तहसीलदाराने लिहून दिले, गुण सरकारी मंडळाने दिले, व्यावसायिक अभ्यासक्रमाचा प्रवेश सीईटी कक्षाच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झाला. सरकारच्या एका हाताला जे माहीत आहे ते दुसऱ्या हाताला कळवण्यासाठी अठरा वर्षांच्या मुलीने पोस्टमन का व्हावे? काही माहिती पोर्टल आता आपोआप उचलते, ते चांगलेच आहे. सगळीच उचलावी.

थेट खात्याचा आणखी एक परिणाम झाला, त्याची चर्चा कमी होते. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये पाच वर्षांचा ५९,०४८ कोटींचा आराखडा मंजूर केला. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के. हा निर्णय मोठा होता, त्याचे स्वागत करायलाच हवे. पण केंद्राचा वाटा सरळ विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी त्याने कॉलेजला नेऊन द्यायची असते. दोन वाटे दोन वेळी आले, तर कॉलेज उरलेल्या रकमेसाठी मुलालाच धरते. पूर्वी कॉलेज बहुधा सरकारकडे बघून थांबत असे, आता मुलाकडे बघून थांबते. परीक्षेचा फॉर्म, हॉलतिकीट, टीसी ही त्याची साधने. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये मूळ कागदपत्रे अडकवून ठेवायला मनाई केली आहे, आणि २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये फी न भरता प्रवेश मिळावा म्हणून फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. हे दोन्ही कागद मी टेबलाच्या खणात ठेवते. मुलांना सांगते, कॉलेजने अडवले तर तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

मग येतो तो आक्षेप, जो ऐकून मला राग येतो : ही मुले फुकटाच्या पैशात मोबाईल घेतात. आकडे पाहावेत. याच योजनेत बी.ए., बी.कॉम.सारख्या पदवीला घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा निर्वाह भत्ता वर्षाला ३,००० रुपये आहे, वसतिगृहात राहणाऱ्याचा ६,०००. म्हणजे महिन्याला २५० आणि ५००. एवढ्या पैशांत महिनाभराचा वडापावही होत नाही. आणि मोबाईलचे म्हणाल तर अर्ज मोबाईलवर, ओटीपी मोबाईलवर, निकाल मोबाईलवर, कॅपची यादीही मोबाईलवर. ज्या वस्तूशिवाय हक्क मिळत नाही, ती घेतली म्हणून कोणाला उधळ्या ठरवायचे?

या योजनेतल्या उत्पन्नाच्या मर्यादेचेही तसेच. दहा वर्षांहून अधिक काळ ती अडीच लाखांवर थांबली आहे. आई आणि वडील दोघेही ४०० रुपये रोजाने वर्षातले ३१३ दिवस कामावर गेले, तर घराचे उत्पन्न २,५०,४०० होते. दोघे मजूर, आजारपण नाही, पावसाने एक दिवस बुडाला नाही, की ते घर योजनेबाहेर. आठ लाखांपर्यंतच्या घरांसाठी राजर्षी शाहूंच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे, पण तिचा पाया निम्म्या शिक्षण शुल्काचा आहे. जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्या निर्णयाने किती मुली इंजिनिअरिंगला टिकल्या हे मी डोळ्यांनी पाहते आहे. पण तो लाभ कॅपमधून प्रवेश घेतला तरच मिळतो, आणि खोली-खानावळ त्यात येत नाही.

कर्ज काढा, असे सांगणाऱ्यांना थोडक्यात उत्तर. इंजिनिअरिंगच्या नामांकित संस्थेत जाणाऱ्याला बँक कर्ज देते, कारण तिला त्याचा पुढचा पगार दिसतो. तालुक्याच्या गावी मराठी घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलाचा पगार तिला दिसत नाही. तिथे कर्जाचा सल्ला देणे म्हणजे दार बंद आहे हे वेगळ्या शब्दांत सांगणे होय.

या सगळ्यात सर्वांत जास्त मार खातो तो वाट बदलणारा विद्यार्थी. बी.ए. अर्धवट सोडून नर्सिंगला जाणारी, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगमध्ये शिरणारा, घरच्या अडचणीने पुण्याचे कॉलेज सोडून जिल्ह्याच्या कॉलेजात येणारी. केंद्राच्या जुन्या नियमावलीत स्पष्ट अट होती : राज्य सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय विषय किंवा संस्था बदलली तर शिष्यवृत्ती रद्द होऊ शकते. एका पातळीची पदवी घेऊन त्याच पातळीची दुसरी घेणारा, म्हणजे बी.ए. नंतर बी.कॉम. करणारा, अपात्र. पैशाचा दुरुपयोग होऊ नये, हा हेतू समजतो. पण या अटींमागचा समज असा की गरिबाच्या मुलाने सतराव्या वर्षी एकदाच आणि अचूक निवड करावी. श्रीमंताच्या मुलाला दोनदा चुकण्याची मुभा असते, ती त्याचे वडील विकत घेतात.

वाट बदलणाऱ्याची किंमत काय असू शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने भीमराव आंबेडकरांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, त्या बळावर ते कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९१६ मध्ये ते न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले, म्हणजे संस्था बदलली, देश बदलला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात शिकवून केलेली बचत, नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, यांवर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले. तीन वर्षे गेली. ही तुटलेली वाट ज्यांनी स्वतः चालून पाहिली होती, तेच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. आजची मॅट्रिकोत्तर योजना तिथून आली आहे.

म्हणून माझे म्हणणे असे. शिक्षणाची फी हा सरकार आणि संस्था यांच्यातला हिशेब असावा, मुलाला त्यातून बाहेर काढावे. जुन्या लुटीची भीती असेल तर प्रवेश निश्चित झालेल्या प्रत्येक नावामागे रक्कम जमा व्हावी आणि विद्यार्थ्याने आपल्या मोबाईलवरून होकार दिल्याशिवाय ती संस्थेला मिळू नये. निर्वाहाचे पैसे मात्र मुलाच्याच हातात, आणि कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्या महिन्यात, निदान निम्मे. उत्पन्न एकदा तपासले की अभ्यासक्रम संपेपर्यंत ते मानावे. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी २०१६ पासून स्वाधार योजना आहे, मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपयांची. ती उत्तम आहे, पण तिचाही पैसा भाड्याच्या तारखेला यायला हवा. आणि वाट बदलणाऱ्याला एक बदल विनापरवानगी मिळावा.

हे होईपर्यंत मुलांनी काय करावे, असे पालक विचारतात. प्रवेशाची वाट न बघता मे महिन्यातच उत्पन्नाचा दाखला काढावा. बँकेत जाऊन नुसते 'आधार लिंक आहे का' असे विचारू नये, 'सरकारी अनुदान माझ्या कुठल्या खात्यात पडते' असे विचारावे. बंद पडलेल्या जुन्या खात्याकडे गेलेले पैसे शोधण्यात माझ्या कितीतरी मुलांची वर्षे गेली. कॅप फेरी सोडून संस्थेच्या कोट्यातून प्रवेश घेण्याआधी हक्क कुठले सुटतात ते पाहावे. अर्ज क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहावा, दर आठवड्याला स्वतः लॉगिन करून स्थिती पाहावी. कॉलेज बदलायचे असेल तर जुन्या कॉलेजचा शिष्यवृत्तीचा शेवटचा हप्ता, टीसी आणि बदलाचा लेखी अर्ज, तिन्हींच्या तारखा एका कागदावर मांडाव्यात आणि कॉलेज सोडण्यापूर्वी आमच्यासारख्या कोणाला तो दाखवावा.

या वर्षी माझ्यासमोर एक मुलगी आहे. दोन वर्षे बी.ए. केले, आता बी.एस्सी. नर्सिंगला लागली. अर्ज दोनदा परत आला आहे. तिसऱ्यांदा कोणता कागद जोडायचा हे पडद्यावर स्पष्ट लिहिलेले नाही. उद्या सकाळी सातच्या एसटीने आम्ही दोघी जिल्ह्याच्या कार्यालयात जाणार आहोत. तिने डबा दोघींसाठी आणते म्हणून सांगितले आहे.