विश्लेषण : १९ लाख ग्राहक खात्याबाहेर! बँकेची संगणकप्रणाली बदलताना नेमके काय चुकते?

एप्रिल २०१८ मध्ये ब्रिटनच्या टीएसबी बँकेने एका शनिवार-रविवारात सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती नव्या संगणकप्रणालीवर हलवली. माहिती सुखरूप पोहोचली, पण बँक कोलमडली. भारतीय बँकांसाठीही हे प्रकरण धडा ठरते.

प्रणाली बदलण्याची गरज का पडली?

टीएसबी २०१३ मध्ये लॉइड्स समूहातून वेगळी झाली, तरी कामकाज लॉइड्सच्याच प्रणालीवर चालत होते आणि त्यासाठी भाडे मोजावे लागत होते. २०१५ मध्ये स्पेनच्या सबादेल बँकेने टीएसबी विकत घेतली. हा खर्च वाचवण्यासाठी सबादेलच्या प्रणालीची ब्रिटिश आवृत्ती तयार करण्यात आली.

घडले काय?

सुमारे १९ लाख ग्राहकांना ऑनलाइन किंवा मोबाइलवरून खाते उघडता येईना. काहींना दुसऱ्याच्याच खात्याचा तपशील दिसला. गोंधळाचा फायदा घेऊन भामट्यांनी अनेकांना लुबाडले. सव्वादोन लाख तक्रारी आल्या. कामकाज पूर्णपणे सुरळीत व्हायला डिसेंबर उजाडला. त्याआधीच, सप्टेंबरमध्ये, मुख्य कार्यकारी अधिकारी पॉल पेस्टर पायउतार झाले.

चूक कुठे झाली?

मूळ मुहूर्त नोव्हेंबर २०१७ चा होता. तो चुकला, तेव्हा उरलेल्या कामाचा हिशेब पूर्ण होण्याआधीच नवी मुदत जाहीर झाली. मग काम त्या तारखेत बसवण्यात आले. आधी एकामागून एक करायच्या चाचण्या एकाच वेळी उरकल्या गेल्या. प्रणाली दोन डेटा सेंटरवर चालणार होती, पण भार पेलण्याची चाचणी एकाच केंद्रावर झाली. टप्प्याटप्प्याने ग्राहक हलवण्याऐवजी बहुतांश ग्राहक एकदमच हलवले गेले. त्यामुळे दोष दिसला तेव्हा माघारीची वाट उरली नव्हती.

जबाबदारी कोणावर?

प्रणाली उभारणारी कंपनी सबादेल समूहातलीच होती आणि ती पुढे अनेक पुरवठादारांवर अवलंबून होती. ‘आम्ही तयार आहोत’ या तिच्या हमीची पुरेशी पडताळणी झाली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी टीएसबीला ४.८६५ कोटी पौंडांचा दंड केला. २०२३ मध्ये तत्कालीन माहिती-तंत्रज्ञान प्रमुखांनाही व्यक्तिशः ८१,६२० पौंड भरावे लागले. काम बाहेर दिले, तरी जबाबदारी बाहेर देता येत नाही, हाच त्याचा अर्थ.

भारतात काय स्थिती?

रिझर्व्ह बँकेने दंडापेक्षा धंद्यावरच बोट ठेवले. वारंवार सेवा बंद पडल्याने डिसेंबर २०२० मध्ये एचडीएफसी बँकेला नवी क्रेडिट कार्डे आणि नव्या डिजिटल योजना थांबवायला सांगण्यात आले. एप्रिल २०२४ मध्ये कोटक महिंद्र बँकेवर ऑनलाइन मार्गाने नवे ग्राहक जोडण्यास आणि नवी क्रेडिट कार्डे देण्यास बंदी आली. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये उठली.

मग बोध काय?

अशा प्रकल्पात तंत्रज्ञानाइतकाच ‘अजून तयारी नाही’ असे सांगणारा माणूस महत्त्वाचा असतो. मुदत पुढे ढकलली तर चार दिवस टीका होते. अर्धवट प्रणाली सुरू केली, तर पगार, घरभाडे आणि औषधाचे पैसे अडकलेला सामान्य खातेदार त्याची किंमत मोजतो. मुहूर्त ठरवताना संचालक मंडळाने विचारायचा पहिला प्रश्न ‘कधी?’ हा नसून ‘बिघडले तर मागे कसे यायचे?’ हा आहे.