धावण्याचा तास कोणाच्या खात्यावर?

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक श्री. नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावयास हवे, असे मत व्यक्त केले आणि त्यावर मोठा वाद माजला. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या एका मोठ्या उद्योगसमूहाच्या प्रमुखांनी तो आकडा ९० पर्यंत नेला. दोन्ही वेळा उत्पादकता, राष्ट्रनिष्ठा आणि मालकांची हाव यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. कामाचे तास संपल्यावर जे उरतात ते तास कोणाचे, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

हा प्रश्न वाटतो तितका पुस्तकी नाही. चाळिशी उलटलेल्या कोणत्याही शिक्षकाला वा कारकुनाला तो एके दिवशी डॉक्टरांच्या खोलीत भेटतो. रक्तदाब थोडा वर गेलेला असतो, पोटाचा घेर वाढलेला असतो आणि डॉक्टर सांगतात, 'व्यायामाला वेळ काढा.' जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रमाचा व्यायाम सुचविला. आठवड्याची एकूण मिनिटे १०,०८०. त्यांतली १५० म्हणजे जेमतेम दीड टक्का. इतके क्षुल्लक मागणे पुरे करता येत नसेल तर दोष आळसाचाच, असे कोणालाही वाटेल. प्रस्तुत लेखकालाही तसेच वाटत होते.

बिनहिशेबी तास

महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविणाऱ्याने स्वतःच्या आठवड्याचा जमाखर्च मांडावा, यात नवल नाही. मी तो मांडला. एकूण १६८ तास. झोपेचे ४९. महाविद्यालयातील तासिका, उत्तरपत्रिका आणि अलीकडे वाढलेली कागदपत्रे मिळून ४५. जाण्यायेण्याचे ८. स्नान, जेवण, बाजारहाट, बँक, आईचे औषधपाणी आणि मुलीचा अभ्यास यांचे म्हणून ४०. तरीही २६ तास शिल्लक दिसत होते! त्यांतून मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी पहाटे टेकडीवर पाऊण-पाऊण तास व रविवारी दीड तास धावावयाचे, असे मी ठरविले. बेरीज पावणेचार तास. विद्यार्थिदशेत छात्रसेनेत नकाशावाचन शिकलो होतो. ती जुनी आवड जागी झाली आणि बुधवारी रात्री स्थलदर्शक नकाशा पसरून समोच्च रेषा वाचीत बसण्याचा पाऊण तास त्यात मिळविला. चार-पाच महिने हे सुरळीत चालले. वजन उतरले, झोप सुधारली आणि मी सहकाऱ्यांना वेळेच्या नियोजनावर न मागता प्रवचने देऊ लागलो.

एके दिवशी पत्नीने शांतपणे विचारले, "अहो, तुम्ही टेकडीवर असता तो तास घरात कोण भरतं, हे तुमच्या हिशेबात कुठे आहे?"

ते कोठेच नव्हते. पहाटे पावणेसहा ते सात हा आमच्या घरातला सर्वांत महाग वेळ. दोन डबे व्हावयाचे असतात, मुलीला उठवून शाळेच्या बसपर्यंत पोहोचवावयाचे असते, आईला चहाबरोबर पहिली गोळी द्यावयाची असते. पत्नीही नोकरी करते आणि साडेनऊला तिला कचेरीत हजर व्हावे लागते. मी पाऊण तास धावत असे. पण बूट चढविण्यापासून घाम निथळून स्नान होईपर्यंत सव्वा तास जाई. आठवड्याचे पावणेचार तास अशा रीतीने पावणेसहा होत. ते भरून काढण्यासाठी ती तीन दिवस पाऊण तास आधी उठत होती. माझ्या आरोग्याचा नफा माझ्या खात्यावर जमा होत होता आणि त्याचा खर्च दुसऱ्याच्या झोपेतून वळता होत होता.

एखादी गोष्ट मिळविताना जी दुसरी गोष्ट सोडावी लागते ती पहिलीची खरी किंमत, हा धडा आम्ही पहिल्याच वर्षी शिकवितो. ही किंमत नेहमी उपभोक्ताच मोजतो, असे मात्र आम्ही उगाच गृहीत धरतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ साली वेळेच्या वाटपावर प्रसिद्ध निबंध लिहिला, तेव्हापासून कुटुंब हा वेळ खर्चून वस्तू व सेवा निर्माण करणारा छोटा कारखानाच आहे, असे मानले जाते. त्या कारखान्यातील पाळ्या कोण ठरविते, याची चर्चा मात्र घरोघर टाळली जाते.

हा एका घराचा किस्सा नव्हे. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्यांचे प्रमाण स्त्रियांत ८१.२ टक्के, तर पुरुषांत २६.१ टक्के आढळले. जे ते करतात त्यांतही स्त्री दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देते आणि पुरुष ९७. 'वेळ काढा' हा सल्ला पुरुषाला दिला की तो वेळ बहुधा या २९९ मिनिटांत भर घालूनच निघतो; आणि तोच सल्ला स्त्रीला दिला तर तिने तो काढावा कोठून, हे डॉक्टरही सांगत नाहीत.

रानातला खेळ, घरादाराचा

या कोंडीतून वाट शोधताना मला एका परदेशी खेळाचा उपयोग झाला. ओरिएंटिअरिंग हे त्याचे नाव. नकाशा आणि होकायंत्र यांच्या आधारे अनोळखी रानातून ठरावीक खुणा क्रमाने गाठीत धावावयाचे, असा हा खेळ. उगम स्कँडिनेव्हियातला. नॉर्वेत १८९७ साली त्याची पहिली नागरी स्पर्धा झाली. पण त्याला लोकांचा खेळ केले ते स्वीडनच्या मेजर अर्न्स्ट किलांडर यांनी. तरुणांचे मैदानी खेळांवरून मन उडत चालले आहे, हे पाहून त्यांनी १९१९ साली स्टॉकहोमजवळच्या रानात मोठी स्पर्धा भरविली. त्याच वर्षी स्वीडनच्या संसदेने आठ तासांच्या दिवसाचा कायदा संमत केला. कामगाराच्या हाती संध्याकाळ आली आणि संध्याकाळी जावे असे रान तेथे होतेच. परक्याच्या जमिनीतूनही नुकसान न करता हिंडण्याचा हक्क तेथील रूढीने सर्वांना दिला आहे.

या खेळात निर्बुद्ध वेगाला किंमत नाही. दोन खुणांमध्ये डोंगर आला तर तो चढून जावयाचे की वळसा घालावयाचा, याचा निर्णय धावता धावताच करावा लागतो. गिर्यारोहकांचा जुना आडाखा असा की, १०० मीटरचा चढ हा सपाटीवरच्या सुमारे ८०० मीटरांइतका वेळ खातो. तेव्हा नकाशावरची आखूड वाट ही लवकरची वाट असतेच असे नाही.

परंतु मला अधिक मोलाची वाटली ती या खेळाची व्यवस्था. तेथे स्पर्धक एकामागून एक, ठरावीक अंतराने सुटतात आणि एकाच रानात निरनिराळ्या वयांसाठी निरनिराळे मार्ग आखलेले असतात. स्वीडनमध्ये १९६५ पासून भरत आलेल्या ओ-रिंगेन या उन्हाळी मेळ्यात शाळकरी पोरापासून ऐंशी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत सारे उतरतात. अगदी लहानांसाठी झाडांना दोरी बांधून माग आखतात. तो धरून ती पोरे चालत जातात. ज्यांना लहान मुले आहेत अशा आईबापांच्या निघण्याच्या वेळांत मुद्दाम अंतर ठेवतात. एकजण रानातून परतला की मुलाला त्याच्या हाती देऊन दुसरा निघतो. 'मूल कोण सांभाळणार?' हा प्रश्न तेथे घरातल्या बाईवर सोडलेला नाही. खेळाच्या नियमातच त्याचे उत्तर घातले आहे.

आम्ही याची घरगुती आवृत्ती काढली. पुण्याच्या वेताळ टेकडीचा हाताने नकाशा काढला. देऊळ, जुनी दगडाची खाण, पायवाटांचे फाटे अशा आठ खुणा त्यावर नोंदविल्या, त्या ठिकाणी चिंध्या बांधून प्रत्येकीवर एक अक्षर लिहिले. परतताना त्या सोडून आणावयाच्या हे ठरलेले. पहिल्या रविवारी मी आणि मुलगी आधी निघालो. आम्ही येईपर्यंत पत्नी पायथ्याशी आईजवळ थांबली, मग ती एकटी गेली. मी प्रत्येक ठिकाणी सरळ चढ गाठला होता. तिने दोन ठिकाणी वळसा घेतला आणि माझ्याहून चार मिनिटे कमी वेळात सगळी अक्षरे घेऊन आली. ती धावलीसुद्धा नव्हती, भरभर चालली होती.

आठवड्याची घडीही बदलली. माझे पहाटेचे धावणे तीन दिवसांवरून दोन दिवसांवर आले. शनिवारी पहाटेचे डबे, बस आणि गोळी माझ्याकडे आली व तो तास पत्नीचा झाला. तिनेही धावावे, अशी माझी मनोमन अपेक्षा होती. ती त्या तासात पुन्हा झोपली. पहिले काही शनिवार मला तो तास वाया गेल्यासारखा वाटे. मागाहून उमगले की, तिला वेळ देऊन तो कसा वापरावा हेही आपणच ठरवावयाचे, हा माझा जुना अहंकारच नव्या वेषात आला होता. फुरसत ज्याची, तिचा विनियोगही त्याचाच.

घराबाहेरचा भाग

तथापि सारा भार पतिपत्नींच्या समजूतदारपणावर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. माझे घर टेकडीपासून दहा मिनिटांवर आहे, हा योगायोग आहे. विरारहून रोज लोकलने फोर्टात जाणाऱ्या कारकुनाचे तीन तास प्रवासातच सरतात. पहाटे अंधाऱ्या रस्त्यावर धावणे पुरुषाला जितके सोपे तितके स्त्रीला नाही. अशांना नियोजनाचे धडे देणे ही क्रूर थट्टा होय.

करता येण्याजोग्या गोष्टी मात्र आहेत आणि त्या फार खर्चाच्याही नाहीत. शाळा-महाविद्यालयांची मैदाने सकाळी व सायंकाळी वस्तीतल्या लोकांना खुली करावीत आणि तेथे पुरेसा उजेड असावा. दुसरी गोष्ट नकाशांची. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ पासून या देशाची मोजणी करीत आला आहे. पण त्याचे तपशीलवार नकाशे सामान्यांना दीर्घकाळ दुर्मिळच होते. २००५ च्या नकाशा धोरणाने दार किलकिले झाले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्बंध बरेच सैल करण्यात आले. आता तरी भूगोलाच्या तासाला मुलांच्या हाती आपल्याच गावाचा नकाशा यावा आणि तो घेऊन त्यांना वर्गाबाहेर काढावे. एक होकायंत्र, चार चिंध्या आणि एक उत्साही शिक्षक एवढ्यावर हा खेळ उभा राहतो.

आणि तिसरी गोष्ट कामाच्या तासांची. आज सहज उधळले जाणारे हे तास कोणी दानात दिलेले नाहीत. नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडल्यावर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली. १९१९ च्या आंतरराष्ट्रीय श्रमकराराने उद्योगांसाठी ४८ तासांचा आठवडा ठरविला, तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानसाठी ६० तासांचे वेगळे कलम घालण्यात आले होते. ते ६० तास १९३४ च्या कायद्याने ५४ वर आणि १९४६ च्या दुरुस्तीने ४८ वर आले. साठावरून अठ्ठेचाळीसावर येण्यास ज्या देशाला पाव शतकाहून अधिक काळ लागला, त्याला सत्तर तासांचा उपदेश करताना हा इतिहास तरी आठवावयास हवा होता.

पण त्याच इतिहासाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. १८९० च्या त्या रविवारी गिरणीचा भोंगा बंद राहिला. चाळीतली चूल बंद राहिली नाही. गिरणीकडून मिळविलेली सुटी घरातल्या स्त्रीपर्यंत पोहोचली नाही आणि सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही बव्हंशी पोहोचलेली नाही. सत्तर तासांच्या मागणीला विरोध करणारे आपण सारे मध्यमवर्गीय पुरुष आपल्याच घरात किती तासांची मागणी रोज बिनबोभाट करीत असतो, याचाही जमाखर्च एकदा कागदावर मांडावा. येत्या रविवारी बूट चढविण्यापूर्वी तेवढे केले तर पुरे.