समुपदेशक नेमा, आशांवर ढकलू नका

रेडी ओलांडून तेरेखोलचा किल्ला आला की गोवा लागतो. वेंगुर्ले तालुक्याच्या या टोकाची माणसे मोठ्या दुखण्याला गोव्यातले बांबोळीचे रुग्णालय गाठतात. अंगदुखी, छातीतली धडधड, रात्र रात्र झोप नाही, एवढ्यासाठी मात्र गावचाच दवाखाना. तपासणीत काही सापडत नाही, मग जीवनसत्त्वाच्या गोळ्यांवर बोळवण होते. यातल्या अनेकांना नैराश्य किंवा चिंताविकार असतो, हे आमच्या वाचक डॉक्टरांना ठाऊकच आहे. अडचण वेळेची आहे.

यावरचा उपाय गोव्यातच तपासून झाला आहे. डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' संस्थेने केलेल्या 'मानस' चाचणीचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आले. १२ सरकारी केंद्रे, १२ खाजगी दवाखाने, २,७९६ रुग्ण. निम्म्या ठिकाणी दोन महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशक नेमल्या होत्या. आजार समजावणे, समुपदेशन, रुग्ण आला नाही तर त्याचा पाठपुरावा, हे सारे त्या बघत. गोळ्या केंद्राचा डॉक्टर देई. मानसोपचारतज्ज्ञ अधूनमधून येई आणि अवघड रुग्ण हाताळी.

सहा महिन्यांनी अशा सरकारी केंद्रांत निदान झालेल्यांपैकी ६५.९ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. नेहमीच्या पद्धतीच्या केंद्रांत ४२.५ टक्के.

खाजगी दवाखान्यांत मात्र फरक पडला नाही. तिथे नेहमीच्या उपचारानेही जवळपास तेवढेच रुग्ण बरे होत होते. घरच्या डॉक्टरशी असलेली जुनी ओळख आणि त्याने दिलेला वेळ हे त्यामागचे कारण असावे. म्हणजे सरकारी केंद्रात उणीव आहे ती रुग्णाला ओळखणाऱ्या, पुन्हा बोलावणाऱ्या माणसाची.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, ऑक्टोबर २०२२पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेली-मानस' आहे. दोन्ही हवेतच. पण फोन रुग्णाने करायचा असतो, आणि 'माका काय जाला नाय' म्हणणारा तो करत नाही.

सोपी पळवाट म्हणजे हे काम आशाताईंच्या गळ्यात मारणे. त्यांच्या वह्या आधीच कमी नाहीत. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला पगारी, पूर्णवेळ समुपदेशक हवी. दर भेटीला नऊ प्रश्नांच्या 'पीएचक्यू-९' प्रश्नावलीने लक्षणे मोजली जावीत, आणि सुधारणा नसलेल्या रुग्णांची यादी घेऊन तिने आठवड्यातून एकदा जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलावे. पदनिर्मितीचा हा प्रस्ताव वैद्यकीय अधिकाऱ्यांनी जिल्हा परिषदेकडे लेखी पाठवायला हवा.