सहलीत पुतळा दाखवा, खाणीतलं दारही दाखवा

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, ऐतिहासिक सहल म्हटली की आपण मुलांना वाडा दाखवतो, पुतळ्यासमोर फोटो काढतो आणि माहितीफलक वहीत उतरवून घ्यायला लावतो. मला वाटतं, श्रीमंत घराण्याचा इतिहास असा अर्धाच शिकवू नये.

इंग्लंडमधल्या डरहॅम शहराचं उदाहरण घ्या. तिथल्या बाजारचौकात लंडनडेरी घराण्यातल्या तिसऱ्या मार्क्वेसचा, म्हणजे मोठ्या सरदाराचा, घोड्यावर बसलेला पुतळा आहे. तो १८६१ चा. या सरदाराचं १८१९ मध्ये फ्रान्सेस ॲनशी लग्न झालं. कोळशाच्या खाणी तिच्या माहेरच्या. तो कोळसा जहाजांवर चढवायला त्यांनी सीहॅम हार्बर हे बंदर बांधायला घेतलं, १८२८ मध्ये. बंदराभोवती अख्खं गाव वसलं. हे कर्तृत्वच आहे आणि ते मुलांना सांगायलाच हवं.

पण त्या काळी इंग्लंडच्या खाणींत लहान मुलंही राबत. हवा खेळती राहावी म्हणून भुयारात दारं बसवलेली असत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लावायचं. काम एवढंच, पण बारा-बारा तास, अंधारात, एकट्याने. १८४२ मध्ये ब्रिटिश संसदेत कायदा आला : स्त्रिया, मुली आणि दहा वर्षांखालचे मुलगे यांना खाणीत उतरवायचं नाही. लॉर्ड्सच्या सभागृहात त्याला कडाडून विरोध केला तो याच मार्क्वेसने. १८४४ च्या संपात त्याने संपकऱ्यांना राहत्या घरांतून बाहेर काढलं आणि त्यांना उधारी देणाऱ्या दुकानदारांनाही दम भरला.

आता काही पालक म्हणतील, "एवढ्याशा मुलांना हे कशाला सांगायचं?" अहो, दार सांभाळणारी कितीतरी मुलं आपल्या चौथीच्या मुलांहून लहान होती! त्यांनी ते भोगलं. आपल्या मुलांना ते फक्त समजून घ्यायचंय. श्रीमंतांचा राग करायला नव्हे, प्रश्न विचारायला शिकवायचं आहे.

म्हणून पुढच्या सहलीला, मग ती आपल्याकडच्या एखाद्या वाड्याची का असेना, वहीत दोन रकाने आखून द्या : 'कोणी बांधलं?' आणि 'कोणाच्या कष्टावर?' पहिला रकाना फलक वाचून भरेल. दुसरा बहुधा रिकामाच राहील. तो रिकामा का राहिला, हाच दुसऱ्या दिवशीचा इतिहासाचा तास.