विश्लेषण : गढूळ बिअरला पेरूचा वास येतो कुठून?

पाणी घातलेल्या आमरसासारखा रंग, ग्लासापलीकडचे बोट दिसू नये इतका गढूळपणा आणि नाकाजवळ नेताच पिकलेला पेरू, संत्र्याची साल, थोडे अननस. मेन्यूवर ‘हेझी आयपीए’ किंवा ‘न्यू इंग्लंड आयपीए’ असे लिहिलेली ही बिअर पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमध्ये आता नवलाईची राहिलेली नाही. पहिल्यांदा पिणाऱ्याचा प्रश्न मात्र ठरलेला : ‘यात ज्यूस टाकलाय का?’ बहुतेक वेळा टाकलेला नसतो. आणि गोम तिथेच आहे, कारण ज्यूससारखी लागणारी ही बिअर ज्यूससारखी प्यायली जाते.

ही आली कुठून?

अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातून. तिथल्या वॉटरबरी या छोट्या गावात जॉन आणि जेन किमिच या दाम्पत्याने २००३ मध्ये ‘द अल्केमिस्ट’ हा पब सुरू केला. त्यांची ‘हेडी टॉपर’ या प्रकाराची मूळ बिअर मानली जाते. ऑगस्ट २०११ मध्ये ‘आयरीन’ वादळानंतरच्या पुरात पब बुडाला. पण कॅन भरण्याचा त्यांचा नवा कारखाना वाचला आणि तीच बिअर कॅनमधून बाहेर पडली. कॅनवर चक्क ‘कॅनमधूनच प्या’ अशी सूचना! बिअर म्हणजे काचेसारखी नितळ, गढूळ म्हणजे बिघडलेली, असा तेव्हा समज होता. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ब्रुअर्स असोसिएशनने ‘ज्युसी ऑर हेझी’ शैलींना आपल्या अधिकृत यादीत जागा दिली.

मग फळाचा वास कसला?

हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका वेलीची शंकूच्या आकाराची फुले. ती उकळत्या द्रावणात घातली, की त्यातल्या अल्फा आम्लांची रेणुरचना बदलते आणि बिअर कडू होते. पण त्याच फुलांतली सुगंधी तेले उकळताना वाफेबरोबर निघून जातात. घरात कढीला कढीपत्त्याचा घमघमाट सुटतो, म्हणजे तेवढा वास कढीतून गेलेला असतो, तसेच हे.

हेझी बनवणारे म्हणून क्रम उलटा करतात. उकळताना हॉप्स नाममात्र. आच बंद झाल्यावर भरपूर आणि आंबवण चालू असताना किंवा संपल्यावर थंड बिअरमध्ये आणखी भरपूर. याला ‘ड्राय हॉपिंग’ म्हणतात. त्यामुळे कडवटपणा कमी आणि वास पुरेपूर. सिट्रा, मोझॅक, गॅलेक्सी ही यात वापरल्या जाणाऱ्या हॉप्सच्या वाणांची नावे. त्यांच्यात ‘थायॉल’ नावाची गंधकयुक्त संयुगे अत्यल्प प्रमाणात असतात. यांतलीच काही संयुगे पेरूत आणि पॅशनफ्रूटमध्येही सापडतात. म्हणजे पेरूचा भास हा निव्वळ भास नव्हे. नाकाला ओळखीचाच रेणू भेटतो. यीस्टही गप्प बसत नाही. हॉप्समधल्या जिरॅनिऑलचे ते सिट्रोनेलॉल करते आणि गुलाबाकडे झुकणारा वास लिंबाकडे सरकतो. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत रसायनशास्त्राचे असे उदाहरण कुणी दिले असते, तर वर्गात हजेरी नक्की वाढली असती.

गढूळपणाचे कारण वेगळे. ओट्स आणि गव्हातली प्रथिने हॉप्समधल्या पॉलिफिनॉलना चिकटतात आणि ते कण तरंगत राहतात. ओट्समुळेच घोट पेजेसारखा मऊ लागतो.

चांगली कशी ओळखायची?

बर्फगार नको. सात-आठ अंश सेल्सिअसच्या वर गेल्याशिवाय वास मोकळा होत नाही. ग्लास काठोकाठ भरू नका, आधी नाक न्या. गढूळपणा सगळीकडे सारखा हवा. तळाशी गुठळ्या दिसल्या तर ती शैली नव्हे, निष्काळजीपणा. गिळल्यावर घशात खरखर झाली, तर हॉप्सचे बारीक कण खाली बसायला पुरेसा वेळ दिलेला नाही.

सर्वात महत्त्वाचा रंग. हॉप्स भरपूर असल्याने या बिअरचे प्राणवायूशी अजिबात पटत नाही. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी ती काळवंडते. सोनेरी रंग करडा-तपकिरी होतो, फळांचा वास जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा येतो. थंड साखळी तुटली, तर हे आणखी लवकर घडते. तरीही फळ्यावर बिअरचे नाव, किंमत, चित्र सगळे असते. ती पिंपात कधी भरली ते नसते. दुधाच्या पिशवीवर तारीख पाहणाऱ्या ग्राहकाने ताजेपणाचेच जादा पैसे मोजताना ती का पाहू नये?

आणि टक्के?

हेझी आयपीएमध्ये साधारण सहा ते साडेसात टक्के अल्कोहोल असते. भारतीय अन्नसुरक्षा मानकांनुसार पाच टक्क्यांवरची बिअर ‘स्ट्राँग’. वाइन शॉपमधल्या ज्या ‘स्ट्राँग’ बाटलीला क्राफ्टवाले नाक मुरडतात, तिच्याच पंगतीत ही बसते. फक्त कडवटपणा आणि अल्कोहोलची जळजळ, या दोन्ही इशाऱ्यांवर फळांनी पांघरूण घातलेले असते.

गणित सोपे आहे. साडेसहा टक्क्यांच्या हेझीचा ५०० मिली ग्लास म्हणजे ३२.५ मिली शुद्ध अल्कोहोल. पाच टक्क्यांच्या ६५० मिली बाटलीतही नेमके तेवढेच. ४२.८ टक्के व्हिस्कीच्या ६० मिलीच्या लार्ज पेगमध्ये जेमतेम २५.७ मिली. ‘एक बिअरच तर घेतली’ म्हणणाऱ्याने लार्ज पेगपेक्षा जास्त घेतलेले असते आणि मोटार वाहन कायद्यातली मर्यादा आहे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम.

बाटली किंवा कॅनवर टक्केवारी छापावीच लागते. नळातून ग्लासात येणाऱ्या बिअरला लेबलच नसते. २००९ मध्ये पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाले, तेव्हापासून महाराष्ट्रात ताज्या बिअरचा व्यवसाय वाढला; आता नळाशेजारच्या फळ्यावर टक्केवारी आणि पिंप भरल्याची तारीख लिहिणे सक्तीचे व्हायला हरकत नाही. खडूचा खर्च आहे, दुसरा नाही. काही ठिकाणी हे स्वतःहून लिहिले जाते. हेझी ३३० मिलीच्या ग्लासातच देण्याची पद्धतही उचलण्यासारखी आहे. त्यात सुमारे २१.५ मिली शुद्ध अल्कोहोल येते आणि गरम होण्याआधी ग्लास संपतो.