कमरेला घोडा आहे, पण वेळेला वाजेल का?

मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची ९ डिसेंबर २०२४ ला हत्या झाली. त्या खुनात पिस्तूल वापरलं नव्हतं. तरीही नंतर सगळ्यात जास्त गाजला तो शस्त्र परवान्यांचा विषय. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने असल्याचं बाहेर आलं. कमरेला पिस्तूल लावून काढलेले रील व्हायरल झाले, काहींवर गुन्हे दाखल झाले आणि प्रशासनाने शेकड्याच्या वर परवाने रद्द केले. परवाना कोणाला दिला, कोणाच्या शिफारशीने दिला, यावर तालुक्या-तालुक्यात चर्चा झाली. ती व्हायलाच पाहिजे होती.

पण एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. ही जी छोटी हत्यारं कमरेला आणि खिशात घालून लोक फिरतात, ती वेळेवर चालतात का? आणि जेव्हा चालू नयेत तेव्हा गप्प बसतात का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर १ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईत मिळालं. अभिनेते गोविंदा पहाटे बाहेरगावी निघायच्या तयारीत होते. परवाना असलेलं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना हातातून निसटलं, खाली पडलं आणि गोळी सुटून पायात घुसली, असं त्यांच्याकडून सांगण्यात आलं. भांडण नाही, दरोडा नाही, माणूस घरात एकटा, तरी दवाखान्यात जायची वेळ आली. आपल्याकडे लोक हसले आणि विसरले. पण जुनं रिव्हॉल्व्हर ज्यांच्या घरात आहे त्यांनी हसण्यासारखं त्यात काही नाही. जुन्या बनावटीत घोड्याचं टोक थेट काडतुसाच्या मागे टेकलेलं असतं. वरून मार बसला की गोळी सुटू शकते. नवीन बनावटीत चाप पूर्ण ओढल्याशिवाय घोडा काडतुसापर्यंत पोचू नये म्हणून मध्ये अडसर दिलेला असतो, पण तोही झिजतो, तुटतो. म्हणूनच जुनी जाणती माणसं सहा घरांच्या चक्रात पाचच काडतुसं भरायची आणि घोड्यासमोरचं घर मोकळं ठेवायची. आजचा पोरगा सहाच्या सहा भरतो आणि बुलेटवर बसतो.

आता पहिला प्रश्न. सर्वसामान्य परवानाधारकाला ९ एमएम किंवा ०.३८ बोअर मिळत नाही, ते निषिद्ध बोअरमध्ये येतं. त्यामुळे गावाकडे दिसतं ते बहुतेक ०.३२ चं, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘बत्तीस’. सरकारी आयुध निर्माणीचं रिव्हॉल्व्हर, अशनी पिस्तूल, २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलेलं अर्ध्या किलोचं ‘निर्भीक’ (तेव्हाच किंमत सव्वा लाखाच्या घरात), २०२३ चं ‘प्रबल’, ही त्यातली माहितीची नावं. ०.२२ चं ‘निडर’ तर पाव किलोचंच आहे, शर्टाच्या खिशातही कळत नाही.

हत्यार जितकं लहान तितकं ते नाजूक, हे विकणारा सांगत नाही. पिस्तुलात गोळी सुटली की वरचा भाग झटक्याने मागे जातो, रिकामं टरफल बाहेर फेकतो, पुढे येताना नवं काडतूस नळीत ढकलतो. मोठ्या पिस्तुलात या हालचालीला जागा असते. खिशातल्या पिस्तुलात हा भाग हलका, स्प्रिंग कडक आणि प्रवास दोन बोटांचा. जरा कचरा आला, स्प्रिंग मऊ पडली किंवा धरणाऱ्याचं मनगट ढिलं राहिलं, की टरफल अडकलंच. घाबरलेल्या माणसाचं मनगट ढिलंच असतं.

त्यात ०.३२ पिस्तुलाच्या काडतुसाची एक जन्मजात खोड आहे. हे काडतूस १८९९ सालातलं. त्याच्या बुडाला थोडी बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली, तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि वरचं पुढे सरकतच नाही. बाहेरून काही दिसत नाही. कळतं ते चाप ओढल्यावर. रिव्हॉल्व्हरला हा त्रास नाही. एक काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, चक्र फिरून पुढचं काडतूस येतं. ज्याला सराव नाही त्याने पिस्तुलाच्या दिखाव्यापेक्षा रिव्हॉल्व्हर बरं, एवढं तरी लक्षात ठेवावं. आणि दोन्हीला ‘बत्तीस’ म्हणतात म्हणून काडतुसंही एकच, असं समजू नये. रिव्हॉल्व्हरचं लांब, पिस्तुलाचं आखूड, एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

खरी गोम आहे ती वापरात. फवारणीचा पंप हंगाम संपल्यावर धुवून ठेवला नाही तर पुढच्या वर्षी नोझल चोंदतं, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पिस्तूल मात्र वर्षानुवर्षं कमरेला घामात भिजतं. उसाच्या फडातलं पाचट, मुरूम-खडीची धूळ, खिशातल्या कापडाचा भुगा, तंबाखूची चुरी, सगळं आत जातं. काही जण काळजी म्हणून तेलात बुडवून ठेवतात. त्याने उलट धूळ चिकटते, आणि तेल काडतुसाच्या बुडात झिरपलं तर ते पेट घेत नाही.

काडतुसांचंही तेच. परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच मिळतात, महाग पडतात, म्हणून उडवायला कोणी तयार नसतो. खडकीच्या दारूगोळा कारखान्याचे ‘केएफ’ शिक्के असलेली काडतुसं दहा-दहा वर्षं त्याच मॅगझिनमध्ये पडून असतात. पावसाळ्यामागून पावसाळे जातात, पितळेवर हिरवट डाग येतात. मालकाला वाटतं, भरलेलं आहे म्हणजे तयार आहे.

निवडणूक आली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा. आधी लोकसभा-विधानसभा, मग नगरपालिका, जिल्हा परिषद, पंचायत समिती. आचारसंहिता उठेपर्यंत पिशवीत बांधलेलं हत्यार ओल धरतं. परत आणल्यावर किती जण ते उघडून पाहतात? बहुतेक जण तसंच कमरेला खोचतात.

शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्यासाठी सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. कागद फाइलला लागतो हे खरं, पण त्या दिवसानंतर हाताला सराव राहतो का, हे कोणी बघत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली आणि एका माणसाकडची हत्यारं तीनवरून दोनवर आणली. मोजणी कमी झाली, तपासणीचं अंतर मात्र वाढलं. नूतनीकरणाला हत्यार दाखवताना नंबर जुळला की काम झालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला पासिंग लागतं, पण गंजलेल्या नळीला आणि झिजलेल्या घोड्याला पासिंग नाही. लग्नात हवेत गोळीबार केला तर त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड आहे, दोन्हीही होऊ शकतात. तरी वरातीत बार काढण्याची हौस फिटत नाही, आणि अडकलेलं पिस्तूल झटकून पाहताना नळीचं तोंड नेमकं बँडवाल्यांकडे असतं.

गावठी कट्ट्याबद्दल तर बोलायलाच नको. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यात पार उमर्टी आहे. तिथली भट्टीतली हत्यारं महाराष्ट्रभर पसरतात, हे जळगाव आणि पुण्याच्या पोलीस कारवायांत पुन्हा पुन्हा दिसलं. दिसायला पिस्तूल, मॅगझिनसकट, पण नळीच्या लोखंडाची कसलीच चाचणी नाही. कारखान्यात प्रत्येक हत्यार नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासतात, मगच शिक्का बसतो. कट्ट्याची चाचणी विकत घेणाऱ्याच्या हातातच होते, आणि नळी फाटली तर जातात ती त्याचीच बोटं. दवाखान्यात खरं कारण सांगता येत नाही, कारण सांगितलं की शस्त्र कायद्याचं कलम लागतं.

आचारसंहिता उठली की जमा केलेली हत्यारं ठाण्यातून परत घेण्याची गडबड चालू असते. पावती दाखवून सही केली की हत्यार हातात मिळतं. तिथून थेट परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडे नेऊन घोडा, स्प्रिंग आणि नळी तपासून घेता येते, जुनी काडतुसं नियमाप्रमाणे जमा करून नवी मागता येतात. खर्च एका फवारणीपेक्षा फार जास्त येत नाही.