पैसे पटावर द्या, हजेरीवर नको

टेक्सासचे विधिमंडळ दोन वर्षांतून एकदाच भरते. विषम सालच्या जानेवारीत सुरू होते आणि नियमित अधिवेशन 140 दिवसांत आटोपते. पुढचे अधिवेशन 2027 च्या जानेवारीत आहे. ही संधी हुकली की शाळांना आणखी दोन वर्षे थांबावे लागते. म्हणून तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टांची, म्हणजे त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांची, मंडळे त्याआधीच उघड बैठकीत एक कागद मंजूर करतात. आमदारांकडून आपल्याला काय हवे, ते त्यात लिहिलेले असते. या मंडळांचे सदस्य लोकांनी निवडून दिलेले असतात आणि ते बिनपगारी काम करतात.

राज्यात असे हजारावर डिस्ट्रिक्ट आहेत. ऑस्टिनच्या एकट्या डिस्ट्रिक्टमध्ये सुमारे 70 हजार मुले शिकतात, तर काही ठिकाणी साऱ्या गावाची मिळून दीडदोनशे. तरीही मागण्या बऱ्याचशा सारख्या असतात. प्रत्येक मुलामागची मूळ रक्कम वाढवा, विशेष गरजांच्या मुलांचा खर्च पुरा द्या, सुरक्षेसाठी कायदा केलात तर त्याचे पैसेही द्या, सरकारी पैसा खासगी शाळांकडे वळवू नका. या यादीत आणखी एक मागणी असते. दिसायला ती हिशेबातली बारीकशी दुरुस्ती आहे, पण माझ्या मते तिला पहिले स्थान मिळायला हवे. अनुदान पटावर द्या, हजेरीवर देऊ नका.

आपल्याकडे शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता पटसंख्येवर होते, म्हणून ही मागणी कशासाठी, हे चटकन लक्षात येत नाही. टेक्सासमध्ये शाळेचा पैसा वर्षभराच्या सरासरी दैनिक हजेरीवर ठरतो. दिवसातली एक वेळ अधिकृत हजेरीसाठी नेमलेली असते. त्या वेळी जे मूल वर्गात आहे ते हजर. डॉक्टरकडे जाऊन त्याच दिवशी चिठ्ठीसह शाळेत परतलेल्या मुलासारखे मोजके अपवाद आहेत. बाकी जे मूल तापाने घरी आहे, ज्याची बस चुकली, आई कामावर गेली म्हणून जे धाकट्या भावाला सांभाळत बसले आहे, त्याचे त्या दिवसाचे पैसे शाळेला मिळत नाहीत.

आता वर्गात डोकावून पाहा. पंचवीस मुलांपैकी दोन आली नाहीत. शिक्षिकेचा पगार त्या दिवशी कमी झाला का? बस त्याच रस्त्याने तेवढेच डिझेल जाळून आली, वीज जळली, सप्टेंबरच्या उन्हात एसी चालला. उलट बुडालेला धडा भरून काढायला दुसऱ्या दिवशी त्या दोन मुलांवर जास्तच वेळ खर्ची पडणार. हजार मुलांच्या पटावर सरासरी हजेरी 92 टक्के असेल, तर 80 मुले हिशेबातून जातात. आजच्या 6,215 डॉलरच्या मूळ रकमेने हा तोटा वर्षाला पाच लाख डॉलरच्या घरात जातो. एवढ्यात कितीतरी शिक्षकांचे पगार निघतात. शिवाय गैरहजेरी सगळीकडे सारखी नसते. जिथे गरिबी आहे, आजारपण आहे, घरे वारंवार बदलावी लागतात, तिथे ती जास्त. म्हणजे ज्या शाळेला पैशाची जास्त गरज, तिचाच पैसा जास्त कापला जातो. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो.

यावर आक्षेप असा की, हजेरीशी पैसा जोडला नाही तर शाळा मुलांना आणायची धडपडच करणार नाहीत. पण अमेरिकेतली बहुतेक राज्ये पटाच्या कुठल्या ना कुठल्या मोजणीवर पैसे देतात आणि तिथल्या शाळाही गैरहजर मुलांच्या घरी फोन करतात. दुसरा आक्षेप पट फुगवण्याचा. महाराष्ट्राने फुगवलेले पट उघडे पाडणारी 2011 ची पटपडताळणी पाहिली आहे, त्यामुळे हा धोका मी हलका मानणार नाही. पण त्यावर उपाय म्हणजे वर्षातून अनेकदा मोजणी आणि कडक तपासणी. तापाने अंथरुणाला खिळलेल्या मुलामागे शाळेला दंड करणे हा उपाय होऊ शकत नाही.

मूळ रकमेची कथाही सांगायला हवी. 2019 मध्ये ती 6,160 डॉलर झाली आणि पुढची सहा वर्षे तिथेच राहिली. त्या काळात महागाई जवळपास चौथ्या हिश्शाने वाढली. 2023 मध्ये गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी शाळांचा वाढीव निधी खासगी शाळांच्या व्हाउचरशी, म्हणजे तिथल्या फीसाठी सरकारने द्यायच्या पैशाशी, बांधला. कनिष्ठ सभागृहात 21 रिपब्लिकन आमदारांनी डेमोक्रॅटांबरोबर मतदान करून व्हाउचर काढून टाकले आणि निधीही अडकला. 2025 मध्ये दोन्ही मंजूर झाले. शाळांना साडेआठ अब्ज डॉलर मिळाले. त्यातला मोठा भाग शिक्षकांच्या पगारवाढीला गेला, ते योग्यच झाले. मूळ रकमेत मात्र अवघ्या 55 डॉलरची भर पडली. व्हाउचरसाठी एक अब्ज डॉलर ठेवले गेले, खासगी शाळेत जाणाऱ्या मुलामागे वर्षाला सुमारे 10 हजार. ही रक्कम मूल चार दिवस आजारी पडले म्हणून कमी होत नाही. सरकारी शाळेतल्या मुलाची होते. एकाच राज्याच्या तिजोरीतून दोन मुलांना दोन मापे लावली जात आहेत, आणि 2027 मध्ये आमदारांना पहिला प्रश्न याचाच विचारला पाहिजे.

श्रीमंत डिस्ट्रिक्टांच्या मालमत्ता करातला काही भाग गरीब शाळांसाठी घेतला जातो. या फेरवाटपाबाबत मात्र मी त्या डिस्ट्रिक्टांच्या सगळ्या तक्रारी मान्य करणार नाही. सॅन अँटोनिओच्या एजवूड भागातली मुले 1968 मध्ये मोडक्या शाळांविरुद्ध वर्ग सोडून रस्त्यावर आली. तिथल्या पालकांपैकी डेमेट्रिओ रॉड्रिगेझ यांचा शाळांच्या असमान निधीविरुद्धचा खटला वॉशिंग्टनपर्यंत गेला आणि 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात 5 विरुद्ध 4 मतांनी हरला. पुढे राज्याच्या न्यायालयात एजवूडने 1989 मध्ये लढाई जिंकली आणि 1993 मध्ये फेरवाटपाचा कायदा आला. तो टिकलाच पाहिजे. पण अलीकडे काही वर्षे ऑस्टिनने वर्षाला 60 कोटी डॉलरच्या वर रक्कम या वाटपात दिली आहे, आणि तेवढ्याने राज्याचा स्वतःचा वाटा हलका होतो. गरीब शाळांच्या नावाने घेतलेला पैसा सर्वांच्या मूळ रकमेत भर म्हणूनच पडावा, ही मागणी रास्त आहे.

टेक्सासच्या प्लेनो, फ्रिस्को, राउंड रॉक या भागांत मराठी घरे बरीच आहेत. घर घेताना आपली माणसे आधी डिस्ट्रिक्ट पाहतात, आणि कराच्या बिलात शाळेचीच ओळ बहुधा सर्वांत मोठी असते. यातले अनेक जण व्हिसावर आहेत, त्यांना मत देता येत नाही. पण मंडळाच्या बैठकीत विषयपत्रिकेवरच्या मुद्द्यावर बोलायला नागरिकत्व लागत नाही. नाव नोंदवायचे आणि आपली पाळी आली की बोलायचे. या वर्षअखेरीपर्यंत मागण्यांचा कागद मंडळांसमोर येत राहील. आपल्या डिस्ट्रिक्टच्या यादीत पटावर अनुदानाची मागणी आहे का आणि कितव्या क्रमांकावर आहे, हे पाहून तिथल्या पालकांनी त्या बैठकीला जावे.